पश्चात्ताप
* पश्चात्ताप : पश्चात् (मागाहून) + ताप. धातू 'तप्', तापणे. कृत्य उरकल्यावर मनाला लागलेली धग. शब्दात त दोन, एक 'पश्चात्'चा, दुसरा 'ताप'चा. छापताना एक हमखास गळतो. 'पस्तावा' हे त्याचेच बोलण्यात झिजलेले रूप; हिंदीतला 'पछतावा'ही त्याच घरचा. पुण्यातल्या बिबवेवाडीत अप्पर डेपोच्या बसथांब्यावर हात सोडून पळणाऱ्या पोराला आई 'पस्तावशील हं!' असाच दम भरते. 'पश्चात्ताप होईल' म्हणाली तर पोरगं हसेल. संतवाङ्मयातला 'अनुताप' याहून खोल, त्यातून विरक्ती सुरू होते. 'हळहळ' मात्र वेगळी. ती शेजाऱ्याच्या नुकसानीबद्दलही वाटते, तिला स्वतःची चूक लागत नाही.