चार आट्यांचा आधार

यंत्रांच्या इतिहासात मोठ्या शोधांची नावे टिकून राहतात. ते शोध जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या लहानसहान वस्तूंची आठवण मात्र क्वचितच ठेवली जाते. मोटारीच्या इंजिनातील स्पार्क प्लग ही अशीच एक वस्तू होय. ठिणगी पाडणे हे तिचे काम सर्वांना माहीत असते. परंतु तिचे दुसरे एक काम तितकेच महत्त्वाचे आहे. सिलिंडरच्या डोक्याला पाडलेले भोक ती बुचासारखी बंद करते आणि आतल्या स्फोटाचा दाब अडवून धरते. हे दुसरे काम फसले म्हणजे काय होते, याचा धडा विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील ट्रकमालकांना पदरचे पैसे मोजून शिकावा लागला.

विजेच्या ठिणगीने वायू पेटविण्याची युक्ती जुनी आहे. १८६० साली पॅरिसमध्ये एतिएन लन्वार याने आपल्या गॅस इंजिनात ती वापरली. पुढे १९०२ साली स्टुटगार्ट येथे रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाची वीज निर्माण करणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडीचा प्लग सिद्ध केला, आणि वेगाने फिरणाऱ्या इंजिनाचा मार्ग मोकळा झाला. त्या काळी इंजिनाचे डोके बिडाचे असे. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत प्लगला नळाच्या जोडासारखे निमुळते आटे होते. पाना फिरवावा तसे ते बिडात घट्ट रुतून बसत. शिवाय सिलिंडरमधील मिश्रण जेमतेम चारपट दाबले जाई. बीड कणखर आणि दाब बेताचा. मग प्लग उडून जाण्याची धास्ती कोणाला वाटावी?

ही निश्चिंती ॲल्युमिनियमने संपविली. ही धातू हलकी आणि उष्णता झटपट वाहून नेणारी असल्यामुळे विमानांच्या इंजिनांनी ती प्रथम आपलीशी केली. परंतु तिचा दोषही विमान बांधणाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आला. ॲल्युमिनियम मऊ असते. पोलादी प्लग त्यात पुनःपुन्हा काढघाल केल्यास आटे झिजतात. म्हणून हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या डोक्यात ब्राँझची बाही बसवून तिच्यात आटे पाडण्याची रीत रूढ झाली. पुढे पोलादी तारेच्या वेटोळ्याचे अस्तरही त्याच कामी आले. याच विमानी प्लगांशी हिंदुस्थानचा एक जवळचा संबंध आहे. सिंटर केलेल्या ॲल्युमिनापासून बनविलेली मातीकामाची उत्तम आवरणे प्रचारात येईपर्यंत अनेक विमानी प्लगांत विजेला अडविण्याचे काम अभ्रकाचे पापुद्रे करीत असत, आणि जगाला असे अभ्रक पुरविणाऱ्यांत कोडरमा आणि नेल्लोर येथील खाणी अग्रेसर होत्या.

विमानविद्येतील हा सावधपणा मोटारींच्या धंद्यात मात्र सर्वत्र उतरला नाही. फोर्ड कंपनीने १९९० च्या दशकात इंजिनांचे एक नवे कुटुंब बाजारात आणले. त्यातील ४.६ व ५.४ लिटरची आठ सिलिंडरची इंजिने १९९७ सालच्या नमुन्यापासून पिक-अप ट्रकांत बसविली गेली आणि पुढे ६.८ लिटरचे दहा सिलिंडरचे इंजिन त्यांच्या जोडीला आले. ‘ट्रायटन’ या नावाने ती ओळखली जात. डोके ॲल्युमिनियमचे, मिश्रणाचा संकोच सुमारे नऊपट, आणि प्रत्येक सिलिंडरला दोन झडपा, अशी त्यांची रचना होती. या डोक्यांच्या प्रारंभीच्या घडणीत प्लगच्या भोकात पुरते आटे जेमतेम चार होते. प्लगचा आटे असलेला भाग लांब होता; परंतु त्याला पकडणारी धातूच थोडी होती.

या चार आट्यांवर किती भार पडतो, याचा हिशेब अवघड नाही. प्लगचा व्यास १४ मिलिमीटर, म्हणजे भोकाचे क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस सेंटिमीटर. पूर्ण भाराखाली चालणाऱ्या इंजिनात दर चौरस सेंटिमीटरला ५० ते ६० किलोग्रॅम दाब सहज निर्माण होतो. म्हणजे प्रत्येक स्फोटासरशी ७५ ते ९० किलोग्रॅमचा, एका धडधाकट माणसाच्या वजनाइतका, रेटा प्लगला बाहेर ढकलतो. मिनिटाला २४०० फेरे घेणाऱ्या इंजिनात हा तडाखा प्रत्येक प्लगला मिनिटाला १२०० वेळा बसतो. प्लग आपल्या बैठकीवर घट्ट आवळलेला असेल, तर ती आवळच हा भार सोसते. परंतु तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. तापण्या-निवण्याच्या या नित्य फेऱ्यांत आवळ थोडी सैल पडली, की प्लग आट्यांवर आदळू लागतो, मऊ धातू चेपत जाते आणि एके दिवशी आट्यांसकट प्लग बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर पडतो. त्याच्या डोक्यावर बसविलेली ठिणगीची कॉईलही त्याच्याबरोबर उखडली जाते.

ज्यांच्यावर हा प्रसंग आला, त्यांपैकी अनेकांचे पोट त्याच ट्रकवर अवलंबून होते. गाडीची हमी संपलेली असे आणि संपूर्ण डोके बदलण्याचा खर्च जुन्या गाडीच्या मोलाशी स्पर्धा करी. प्लग नुकताच बदललेला असेल, तर पहिला दोष मिस्त्रीच्या माथी येई. मिस्त्री म्हणे, आटे मुळातच अपुरे आहेत; मालक म्हणे, तूच नीट आवळला नाहीस. दोघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे तथ्य असू शके. परंतु चार आटे पुरेसे मानण्याचा निर्णय या दोघांपैकी कोणीच घेतलेला नव्हता. महामार्ग सुरक्षेच्या सरकारी खात्याकडे तक्रारी पोहोचल्या, तरी केवळ या दोषासाठी गाड्या सरसकट परत बोलावण्यात आल्या नाहीत.

उपाय अखेर विमानवाल्यांचाच निघाला. फुटलेले भोक मोठे करून त्यात नवे आटे पाडावयाचे आणि आत पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची भक्कम बाही बसवावयाची. स्वतंत्र कारागिरांनी ही दुरुस्ती डोके न उतरविता करण्याची हत्यारे तयार केली, आणि पुढे कंपनीनेही बाही बसविण्याच्या पद्धतीला मान्यता दिली. नंतरच्या डोक्यांत आट्यांची संख्याही वाढविण्यात आली. परंतु दैवाची थट्टा अशी, की २००४ सालच्या सुमारास आलेल्या तीन झडपांच्या इंजिनात नेमके उलटे घडले. त्यातील लांब, दोन भागांचे प्लग काजळीने असे चिकटून बसत, की काढताना त्यांचा खालचा भाग तुटून डोक्यातच राही. एका पिढीचा प्लग राहता राहत नव्हता. दुसऱ्या पिढीचा निघता निघत नव्हता.

भारतातील मालट्रक बहुतांशी डिझेलवर चालत आल्यामुळे येथील ट्रकचालकाचा या वस्तूशी संबंध दीर्घकाळ थोडाच आला. डिझेलला ठिणगी लागत नाही. परंतु १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बसगाड्या दाबाखालील नैसर्गिक वायूवर चालविण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर मुंबई-पुण्यासह अनेक शहरांत त्या इंधनाचा प्रसार झाला. वायूच्या इंजिनाला ठिणगी हवीच. डिझेलच्या घडणीवरून बेतलेल्या अशा कित्येक इंजिनांत इंधनाच्या पिचकारीची जागा प्लगने घेतली आहे. त्यामुळे अमेरिकेतील तो धडा येथील गॅरेजमध्येही उपयोगी पडावा असा आहे.

तो धडा थोडक्यात असा. इंजिन पुरते निवल्याशिवाय प्लगला हात लावू नये. भोकाभोवतीची धूळ आधी हवेने उडवावी, बैठक पुसून स्वच्छ करावी. प्लग पहिले काही वेढे हातानेच फिरवावा, म्हणजे आटा तिरपा धरत नाही. शेवटची आवळ अंदाजाने न देता मापाच्या पान्याने, त्या इंजिनासाठी सांगितलेल्या मापाइतकीच द्यावी. कमी आवळ जितकी घातक, तितकीच जास्तही. आट्यांना वंगण लावले, तर त्याच मापाला आवळ अधिक बसते, हेही ध्यानात ठेवावे. आणि चालत्या इंजिनातून भाराबरोबर वाढणारी टकटक किंवा फुसफुस ऐकू आली, तर गाडी तशीच हाकू नये. बहुधा प्लग सैल झाल्याची ती पूर्वसूचना असते.

कारखान्यात एका भोकामागे वाचलेली थोडीशी धातू हिशेबाच्या वहीत नगण्य वाटते. तिची किंमत पुष्कळ वर्षांनी, हमरस्त्याच्या कडेला, दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. चार आट्यांच्या या इतिहासाचा बोध हाच आहे.