कलदार रुपया आणि त्याचा काळेपणा



धनत्रयोदशीला आपल्या खानदेशातील कितीतरी जुन्या घरांत पूजेच्या ताटात चांदीचे रुपये मांडतात. पंचामृत, हळदकुंकू वाहून झाले की मग ते चिंच नाहीतर राख लावून लख्ख घासतात. रुपया काळा दिसला की घरातील बाईला कमीपणा वाटतो. हे रुपये आपल्याकडे आले कसे, ते काळे का पडतात आणि घासण्याने काय जाते, हे मला समजले तसे येथे लिहीत आहे.

खानदेशात इंग्रजी अंमल १८१८ साली आला. तोपर्यंत इकडे निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये चालत. शेजारच्या चांदवडचा चांदवडी रुपया त्यांपैकीच एक. ते हाताने ठोकून पाडलेले असत. एकासारखा दुसरा नसे, म्हणून सराफ पारख करून बट्टा कापून घेई. पुढे १८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या मुलुखासाठी एकसारखा, यंत्रावर पाडलेला रुपया काढला. कळीच्या यंत्रावर पाडलेला म्हणून तो ‘कलदार’. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. बारा भागांत अकरा भाग चांदी व एक भाग दुसरी धातू, मुख्यतः तांबे. त्यामुळे रुपया हे नाणेही होते आणि वजनही. ऐंशी रुपये तागडीत टाकले की पक्का शेर झाला, हा हिशेब आपल्या आजी-पणजींना पाठ असे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा आपल्या काळ्या जमिनीतील कापसाला सोन्याचा भाव आला आणि कलदार रुपया गावोगाव पोचला. खेड्यात पेढी नव्हती, बँक नव्हती. मग रुपया ठेवायचा कोठे? एक तर बाईच्या गळ्यात, नाहीतर जमिनीच्या पोटात. सातपुड्यातील आपल्या भिल्ल व पावरा भगिनी रुपयांच्या माळा घालीत आल्या आहेत. इतरांनी गाडग्यात भरून चुलीमागे, उंबऱ्याखाली पुरले. पुढे १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातील बायकांच्या अंगावरची चांदी ढिगाने मुंबईच्या टांकसाळीत वितळायला गेली. तेव्हा आज आपल्या डब्यात जो राणीछाप रुपया आहे, तो अशा संकटांतून कोणा बाईने वाचविलेला आहे, हे ध्यानात ठेवावे.

१९४० साली, महायुद्धाच्या दिवसांत, रुपयातील चांदी निम्म्यावर आली. १९४७ साली वाघाचे चित्र असलेला निकेलचा रुपया निघाला आणि रोजच्या व्यवहारातील रुपयातून चांदी गेली.

आता काळेपणाचे पाहू. चांदी हवेने गंजत नाही. पण गंधकाशी तिची लगेच सोयरीक जुळते. लोकर, रबर, कोळशाचा धूर, कांदा, अंडी या सर्वांत गंधकाचा अंश असतो. त्यामुळे चांदीवर प्रथम पिवळसर, मग निळसर, शेवटी काळी साय चढते. ही साय फार पातळ असते आणि खालची चांदी शाबूत असते. रुपयातील तांब्याचे मात्र वेगळे. पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते, तसे हे तांबे ओलीने व आंबटाने हिरवे होते. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्मीच, म्हणून तो अधिक लवकर बिघडतो. गावातल्या पांढरीच्या मातीत क्षार असतो. तेथे पुरलेल्या रुपयावर राखी, जांभळट खपली धरते. ती ओढून काढली तर ठसाही तिच्याबरोबर निघतो.

म्हणजे काळेपणाने रुपयाचे फारसे बिघडत नाही, घासण्याने बिघडते. राख आणि रांगोळी म्हणजे बारीक खडेच. दर दिवाळीला थोडी थोडी चांदी जाते आणि आधी उंच भाग झिजतो: राणीचे केस, गाल, मुकुट. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक चिमुकला हत्ती आहे. तो लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि १९१२ साली तो सुधारावा लागला. घासून गुळगुळीत केलेल्या रुपयावर हा हत्ती शोधूनही सापडत नाही. मग सराफही त्याला मोडीचाच भाव देतो.

ठशाची किंमत किती मोठी, याचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी गावी तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती नहपान राजाची होती, पण बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. कोणी कोणाला जिंकले, हे त्या नाण्यांनीच सांगितले. ती मिळाल्याबरोबर कोणी चिंचेने घासून चकचकीत केली असती, तर ते दोन्ही ठसे कोणी वाचले असते?

तेव्हा आपण एवढे करावे. पूजेला एखादा झिजलेला रुपया नेमून ठेवावा. बाकीचे कोरडेच मांडावे. पंचामृत लागलेच तर साध्या स्वच्छ पाण्याने धुवावे, मऊ सुती फडक्याने टिपावे, चोळू नये. रुपया कडेने धरावा. लोकरीच्या कापडात, वर्तमानपत्रात, रबर लावून किंवा वास येणाऱ्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये. त्या प्लॅस्टिकचा चिकट हिरवा थर नाण्याला बसतो. लाकडी पेटीपेक्षा कोरडा पत्र्याचा डबा बरा. त्यात औषधाच्या बाटलीतील ओल शोषणारी पुडी टाकावी आणि प्रत्येक रुपया निराळ्या आम्लविरहित कागदात गुंडाळावा. सराफाकडील उजळण्याचे पाणी वरची चांदी खाते, तेही टाळावे. हिरवी भुकटी पसरू लागली तर मात्र जाणकाराला दाखवावे. आणि खोदताना जुना हंडा निघाला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, आपण धूत बसू नये.

इतिहासाचार्य राजवाडे जुनी कागदपत्रे मिळविण्यासाठी गावोगाव, घरोघर फिरले. ते १९२६ साली धुळ्यास वारले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. इतिहास राजवाड्यांच्या दप्तरात आहे, तसा आपल्या डब्यातही आहे. राजाचे नाव रुपयावर कोरलेले असते. पण तो ज्या बाईने पोटाला चिमटा घेऊन राखला, तिचे नाव त्यावर नसते. म्हणून प्रत्येक रुपयासोबत एक चिठ्ठी ठेवा: हा कोणाचा, कोणत्या गावचा, कोणी कोणाला दिला. काळा रुपया आणि ती चिठ्ठी आपल्या नातींना मिळाली, तर आपल्या घरचा इतिहास त्यांना वाचता येईल.