रानजैतुनाचे कलम



आपल्या परंपरेत मोक्ष ज्याचा त्याचा असतो. अख्ख्या समाजाचा मोक्ष ही कल्पना आपल्याला चटकन उमगत नाही. ख्रिस्ती धर्मविचारात मात्र एका संपूर्ण लोकसमूहाचे, यहुद्यांचे, शेवटी तारण होणार काय, आणि कसे, हा प्रश्न जवळजवळ दोन हजार वर्षे चालत आला आहे. तो केवळ पंडितांचा राहिला नाही. त्याच्या उत्तरावर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून राहिले. त्याचे धागे गोव्यापर्यंत आणि कोकणातल्या तेलघाण्यांपर्यंत पोचतात, म्हणून आज तो तुमच्यापुढे मांडतो.

प्रश्नाचे मूळ पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. इ. स. ५७ च्या सुमाराचे हे पत्र. पौल स्वतः जन्माने यहूदी, बन्यामिनाच्या वंशातला. आपल्या बहुतेक बांधवांनी येशूला मसीहा मानले नाही, हे त्याचे दुःख पत्राच्या नवव्या ते अकराव्या अध्यायांत उमटले आहे. तिथे तो जैतुनाच्या झाडाचा दाखला देतो. आपल्याकडे रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसचे कलम बांधतात. पौलाने उलटे सांगितले: इथे खोड अस्सल आहे आणि फांदी रानटी. हे रीतीविरुद्ध आहे, हे तो स्वतःच कबूल करतो. अस्सल खोड म्हणजे इस्राएल, रानफांदी म्हणजे नव्याने आलेले परजातीय ख्रिस्ती. त्यांना तो बजावतो की फांदीने मुळापुढे तोरा मिरवू नये. तुटलेल्या फांद्या देव पुन्हा जोडू शकतो आणि अखेर सर्व इस्राएलाचे तारण होईल, असा त्याचा विश्वास होता. ते कसे होईल हे मात्र त्याने सांगितले नाही. देवाचे मार्ग अगाध आहेत, असे म्हणून तो थांबला.

पुढे ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा धर्म झाला आणि फांदी खोडापेक्षा जाड झाली. पाचव्या शतकात हिप्पोचा बिशप ऑगस्टिन याने जी मांडणी केली ती हजार वर्षे टिकली. यहुद्यांनी जपलेले धर्मग्रंथ ख्रिस्ती सत्याचीच साक्ष देतात, म्हणून त्यांना मारू नये. पण त्यांनी विखुरलेले आणि दुय्यम राहावे, आणि जगाच्या अंती ते ख्रिस्ताकडे वळतील, असे त्याचे म्हणणे. या विचारात संरक्षण होते, तशीच अवहेलनाही होती. १०९६ साली पहिल्या धर्मयुद्धाच्या लाटेत वॉर्म्स आणि माइन्झ या ऱ्हाइनकाठच्या नगरांत यहुद्यांची कत्तल झाली, तेव्हा ते संरक्षण अपुरे पडले. १९४६ नव्हे, ११४६ सालची गोष्ट: दुसऱ्या धर्मयुद्धाच्या वेळी राडुल्फ नावाचा भिक्षू पुन्हा तसेच चिथावू लागला, तेव्हा क्लेअरव्हॉचा बर्नार्ड स्वतः जर्मनीत गेला आणि त्याने त्याला आवरले. यहूदीच उरले नाहीत तर अंतीचे वचन पुरे कोणाच्या बाबतीत होणार, असा त्याचा युक्तिवाद होता. एका धर्मवचनाने माणसे वाचली, याची नोंद त्या काळच्या यहूदी इतिवृत्तकारानेही कृतज्ञतेने केली आहे.

पण जगाच्या अंतापर्यंत वाट पाहण्याइतका धीर सर्वांना नव्हता. पोर्तुगालच्या राजाने १४९७ साली आपल्या राज्यातील यहुद्यांना सक्तीने बाप्तिस्मा दिला. या 'नवख्रिस्त्यां'च्या घरात जुना धर्म उरला आहे की काय, हे हुडकण्याचे काम इन्क्विझिशनकडे आले. गोव्यात ते १५६० साली सुरू झाले. भारतीय औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहून तो १५६३ साली गोव्यातच छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याच वंशातला. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० साली त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या. पौलाने जे देवावर सोपवले होते, ते इथे कचेरीने हाती घेतले होते.

कोकणातली कथा वेगळी. कुलाब्याच्या किनारपट्टीवर बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत होते. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनरी आले, तेव्हा यहुद्यांच्या तारणाची पौलाची आशा त्यांच्याही मनात होती. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आला आणि १८३२ साली त्याने हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले, खास बेने इस्राएलांसाठी. मिशनच्या शाळांत त्यांची मुले शिकली, मराठी बायबलातून त्यांनी आपल्या पूर्वजांची वचने वाचली. पण ख्रिस्ती फारच थोडे झाले. हिब्रू हाती आल्यावर बहुतेकांची आपल्याच धर्मावरची पकड घट्ट झाली. जोडण्यासाठी आणलेल्या दोरीने जुनीच फांदी सावरली.

विसाव्या शतकात युरोपात साठ लाख यहूदी मारले गेले. त्यानंतर ख्रिस्ती जगाला आपली जुनी शिकवण तपासावीच लागली. पत्नी आणि मुलगी नाझींच्या हातून गमावलेले फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक १९६० साली पोप तेविसावे जॉन यांना भेटले आणि चर्चने यहुद्यांविषयीच्या तिरस्काराची शिकवण सोडावी, अशी विनंती त्यांनी केली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी 'नोस्त्रा एताते' हे घोषणापत्र संमत केले. येशूच्या मृत्यूचा दोष सर्व यहुद्यांवर लादता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे, आणि पौलाचे जैतुनाचे झाडही त्यात पुन्हा आले आहे. २०१५ साली व्हॅटिकनच्या एका निवेदनाने यहुद्यांसाठी वेगळे संस्थात्मक मिशनकार्य चर्च करत नाही, हे स्पष्ट केले. ख्रिस्ताला उघडपणे न मानता यहुदी तारणाचे वाटेकरी कसे, हे देवाचे अगाध रहस्य आहे, असेही त्यात म्हटले आहे.

सर्व ख्रिस्ती पंथांना हे उत्तर मान्य नाही. वाद अजून चालू आहे. पण दुसऱ्याचे भले चिंतताना तो आपल्यासारखा झाला पाहिजे ही अट घालायची की नाही, हाच त्या वादाचा गाभा आहे. गोव्यात ती अट सक्तीने घातली गेली आणि अस्थीही जळाल्या. कोकणात ती मनात ठेवून का होईना, पुस्तक हाती दिले गेले आणि एक समाज स्वतःला ओळखू लागला. आणि पौल जिथे थांबला होता, तिथेच १९५८ वर्षांनी व्हॅटिकनचे पंडितही येऊन थांबले.