रायफलीच्या जखमा

१९८४ साली कॉलेजच्या वार्षिक अंकात मी एक लेख लिहिला होता. एनसीसीच्या कोतातली, म्हणजे शस्त्रागारातली, जी .३०३ ड्रिल रायफल माझ्या वाट्याला यायची, तिच्यावर. नळी निकामी केलेली, अंगावर 'डीपी' अशी ठसठशीत अक्षरं. पण तिच्या लाकडावर काही विचित्र खुणा होत्या. पुढच्या भागावर तांब्याच्या तारेचे घट्ट वेढे. बटाच्या उजव्या बाजूला रुपयाएवढं गोल ठिगळ. नळीखालच्या लाकडात डावीकडे आणखी एक ठिगळ. आणि बटाच्या पाठीवर कोरलेला इंग्रजी 'एस'. आमचे हवालदारसाहेब एकदा म्हणाले होते, "ये बर्मा देख के आयी है." एवढं मला पुरलं. बटात जपानी गोळी घुसली, लाकूड फुटलं, कुणा जवानानं जंगलात बसून तार गुंडाळली, नावाचं आद्याक्षर कोरलं. सावंत असेल, नाहीतर सुभान. लेख गाजला. वडिलांनी तो अंक शेवटपर्यंत कपाटात जपला.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांनी तो लेख पुन्हा छापायचं ठरवलं, तेव्हा मी जुने फोटो बाहेर काढले. मधल्या काळात ली-एनफिल्डबद्दल थोडंफार वाचून झालं होतं. फोटो बघताना कान गरम झाले.

आधी गोल ठिगळ. गोळी लाकडात शिरते तशी बहुधा बाहेरही पडते, आणि बाहेर पडताना ढलप्या उडवते. माझ्या रायफलीच्या बटाची डावी बाजू अगदी साबूत होती. ड्रिलच्या वेळी त्याच बटावर तळहात टेकवून मी दोन वर्षं उभा होतो! ती जागा पितळी चकतीची. पलटणीचं नाव आणि रायफलीचा क्रमांक ठोकलेली इंचभराची चकती तिथे स्क्रूनं बसवत. पलटण बदलली की चकती बदले. पुढे ही पद्धत मागे पडली आणि अनेक बटांमधले खळगे लाकडाची गोळी बसवून बुजवले गेले. मी जिला गोळीची जखम समजत होतो, ती कारकुनाची नोंद होती.

डावीकडचं ठिगळ जास्त रंजक. या रायफलींना सुरुवातीला नेहमीच्या साइटखेरीज एक बाजूची साइट असे, पुढे तबकडी आणि मागे छोटा दांडा. तिनं दोन हजार यार्डांच्याही पलीकडे नेम धरायचा. एका माणसावर नव्हे. साऱ्या तुकडीनं मिळून लांबच्या जमावावर गोळ्यांचा पाऊस पाडायचा. बोअर युद्धाच्या काळातली ही समजूत खंदकांच्या लढाईत निरुपयोगी ठरली आणि १९१६ मध्ये मान्य झालेल्या मार्क ३ स्टार नमुन्यात ती साइट काढून टाकली. म्हणजे माझ्या हातातलं ते लाकूड जुन्या नमुन्यासाठी कोरलेलं होतं. लाकूडच, रायफलीबद्दल तेवढ्यावरून काही सांगता येत नाही, कारण दुरुस्तीत एकीचं लाकूड दुसरीला सर्रास बसवलं जाई.

आता तार. माझ्या लेखाचा सगळा गहिवर तिच्यावर उभा होता. फोटोत वेढे एकाला एक लागून आहेत, टोकं डाख देऊन बसवलेली. मॅगझिनच्या पुढे लाकडातून एक आडवा स्क्रूही गेलेला दिसतो. कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्याच्या रायफलींवर तो हमखास आढळतो. घाईत, चिखलात बसून हे काम होत नाही. ही तयारी होती हातबाँब फेकण्याची. नळीच्या तोंडाशी धातूचा पेला बसवायचा, त्यात पाऊण किलोचा ३६ नंबरचा ग्रेनेड ठेवायचा आणि बिनगोळीचं काडतूस उडवायचं. तो झटका इतका जबर की लाकूड उभं चिरायचं. म्हणून आधीच तार गुंडाळत. हमाल ओझं उचलण्याआधी कंबर कसतो, तसं. मी कसलेल्या कमरेला बँडेज म्हणालो होतो. ही रायफल ब्रह्मदेशात गेली असेलही. दुसऱ्या महायुद्धात हिंदी पलटणींकडे हीच जात होती. पण तार ते सांगत नाही.

खरी जखम म्हणावी असं लाकूड मी एकदाच पाहिलं, एका तुरुंगाच्या दारावरच्या शिपायाच्या हातात. रायफल तीच, पण मॅगझिनच्या जागी लाकडाचा ठोकळा. मॅगझिन हरवलं असेल असं तेव्हा वाटलं. ते .४१० मस्केट होतं. ईशापुरात ली-एनफिल्डच्या नळीतले आटे काढून ती गुळगुळीत करायची, मॅगझिनची जागा बंद करायची, की एका वेळी एकच बार. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी. काडतूसही .३०३ च्याच पुंगळीवर बेतलेलं, म्हणजे बाजारातली .४१० ची काडतुसं त्यात चालू नयेत. १८५७ नंतर हिंदी शिपायांना बाहेरून एनफिल्डसारखीच दिसणारी, पण आत आटे नसलेली बंदूक दिली गेली होती. त्याच अविश्वासाचा हा धाकटा भाऊ. स्वातंत्र्यानंतरही तो दारावर उभा होता, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

लेख पुन्हा छापू नका असं मी कळवलं. त्यांनी विचारलं, मग 'एस' कोण? कुणीच नाही. या रायफलीचं बट चार मापांत येई: बँटम, शॉर्ट, नॉर्मल, लाँग. एकेकात अर्ध्या इंचाचा फरक, आणि बटावर मापाचं अक्षर. 'एस' म्हणजे शॉर्ट. आखूड हातांच्या माणसासाठी. मी तेव्हा पाच फूट तीन इंच होतो. बाकीची पोरं रायफल खांद्याला लावताना मान ताणायची. मला ती अगदी बरोबर बसायची.