वाऱ्यावरची करवत : प्रस्तावना

हॉलंडची पवनचक्की म्हटली की आपल्याला दळण आठवते, फार तर पाणी उपसणे. वाऱ्यावर ओंडकेही कापले जात आणि डच जहाजांच्या फळ्या त्यातूनच येत, हे मराठीत फारसे कुणी सांगितलेले नाही.

उत्तर हॉलंडमधल्या आउटखेस्ट गावचा शेतकरी कॉर्नेलिस कॉर्नेलिस्झोन याला १५९३ मध्ये अशा गिरणीचा एकाधिकार मिळाला. पहिली गिरणी त्याने तराफ्यावर उभारली. १५९६ मध्ये ती झानडामला गेली. घरचे पायाचे शिलाई मशीन आठवा. तिथे पायाच्या वरखाली हालचालीने चाक फिरते. इथे नेमके उलटे. पाती फिरतात, आडव्या आसाला दिलेल्या बाकामुळे करवतींची चौकट वरखाली होते, आणि दर हेलकाव्याला दातेरी चाक एक दात सरकून ओंडक्याची गाडी पुढे ओढते. हा बाक कॉर्नेलिस्झोनचाच शोध, असे लोकप्रिय पुस्तके छापतात. ते खरे नव्हे : तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस इथल्या तिसऱ्या शतकातल्या दगडी शवपेटीवर पाण्यावर चालणारी दगडाची करवत कोरलेली आहे, आणि तिला असाच बाक आहे. कॉर्नेलिस्झोनचे श्रेय जुळणीचे, आणि तेवढे पुरेसे आहे.

हाताने १२० दिवस लागणारे ६० ओंडके गिरणीत चार-पाच दिवसांत होत, असा हिशेब नेहमी दिला जातो. एवढी सोय असूनही ती सगळीकडे एकदम पसरली नाही, आणि या विषयातला खरा प्रश्न हाच आहे. आम्सटरडॅममध्ये करवत्यांच्या संघाने तिला अडवले. झान नदीकाठी असा संघ नव्हता. शिवाय नॉर्वे-बाल्टिकचे लाकूड पाण्यावरून थेट दाराशी येई. १७३१ पर्यंत त्या एका टापूत अडीचशेवर गिरण्या झाल्या. आम्सटरडॅमला १६३० च्या सुमारास नमते घ्यावे लागले. लंडनमध्ये मात्र १७६८ मध्ये लाइमहाउसची नवी गिरणी करवत्यांच्या जमावाने मोडली. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. मला ते पटत नाही. ओंडक्याखालच्या खड्ड्यात उभे राहून, डोळ्यांत भुसा घेत हाताच्या करवतीचे खालचे टोक ओढणाऱ्याचे पोट त्या करवतीवर होते.

म्हणून वाचकांना एवढेच सांगणे, की आकृत्या आधी पाहा, पण तिथेच थांबू नका. संघांचे नियम आणि बंदरांच्या नोंदीही वाचा. आम्सटरडॅमची जुनी ‘द ऑटर’ गिरणी अजून जागेवर आहे. भोवतीच्या इमारतींमुळे तिला पुरेसा वारा मिळत नाही.