मगनवाडीतला ख्रिस्ती माणूस

वर्धा म्हटलं की बाहेरच्या लोकांना दोनच ठिकाणं आठवतात. सेवाग्राम आणि पवनार. आमच्या सावंगी (मेघे)ला येणारे बहुतेक जण मेडिकलच्या कामाने येतात आणि वेळ मिळालाच तर बापूकुटी बघून परत जातात. वर्धा शहरातल्या मगनवाडीकडे फार कमी लोक वळतात. जे वळतात त्यांनाही, तिथे वर्षानुवर्षं राबलेला माणूस श्रद्धावान ख्रिस्ती होता, हे सहसा कुणी सांगत नाही.

आज हे लिहितोय, कारण सोशल मीडियावर ख्रिस्ती माणसाबद्दल दोनच प्रकारचं वाचायला मिळतं. एक तर तो धर्मांतर करायला आलेला परका, नाहीतर नाताळच्या केकपुरता शेजारी. त्याची श्रद्धा त्याला नेमकं काय करायला लावते, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

तर त्या माणसाचं नाव जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. जन्म ४ जानेवारी १८९२, तंजावर. घर तमिळ ख्रिस्ती. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचं शिक्षण घेतलं, मुंबईत व्यवसाय थाटला. पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकले. राहणी पक्की साहेबी. कोलंबियात त्यांनी भारताच्या सरकारी जमाखर्चाचा अभ्यास केला आणि आकडेच त्यांना सांगू लागले की आपली गरिबी काही दैवाने आलेली नाही, राज्यकर्त्यांच्या धोरणातून आलेली आहे.

तोच प्रबंध घेऊन ते ९ मे १९२९ रोजी साबरमतीला गांधीजींना भेटले. गांधीजींनी तो ‘यंग इंडिया’त क्रमशः छापला आणि या सुटाबुटातल्या माणसाला खेड्यात धाडलं. गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन कुमारप्पांनी खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली. गावोगाव, घरोघर. कोट-टाय गेला, खादी आली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. मराठी माणसाला ख्रिस्ती श्रद्धेतून मुक्ती म्हटलं की पंडिता रमाबाई आठवतात, ना. वा. टिळक आठवतात. रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला, टिळकांनी १८९५ मध्ये. दोघंही बाहेरून त्या धर्मात आले आणि त्याची जबर किंमत मोजली. कुमारप्पांचं तसं नाही. ते जन्मानेच ख्रिस्ती. त्यांना सुटायचं होतं ते एका समजुतीतून. ख्रिस्ती असणं म्हणजे साहेबासारखं असणं, आणि साहेबाचं राज्य म्हणजे देवाची मर्जी, ही ती समजूत.

१९३० च्या सविनय कायदेभंगात हा प्रश्न ऐरणीवर आला. कलकत्त्याचे बिशप फॉस वेस्टकॉट हे अँग्लिकन चर्चचे भारतातले प्रमुख. कायदेभंग येशूच्या शिकवणुकीत बसत नाही, अशी त्यांची भूमिका होती. कुमारप्पांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार करून थेट वाद घातला. निःशस्त्र माणसांवर लाठ्या पडत असताना शांतीच्या राजाचं नाव घेणारं चर्च गप्प कसं, असा त्यांचा रोख होता. मिशनऱ्यांनाही त्यांनी जाहीर पत्र लिहिलं. लक्षात घ्या, यासाठी त्यांनी येशू सोडला नाही. उलट येशूचाच आधार घेऊन ते आपल्या धर्माच्या सर्वोच्च अधिकाऱ्यासमोर उभे राहिले. माझ्या मते त्यांचं आध्यात्मिक स्वातंत्र्य हेच.

मग पुढे काय? सुटका झाली, पण कशासाठी? त्याचं उत्तर वर्ध्यात आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेवर मगनवाडी उभी राहिली. तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, हातकागद, मधमाश्या, साबण, वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप. कोलंबियात शिकलेला माणूस घाणीत तेल किती निघतं आणि तेल्याच्या घरात त्यातलं किती राहतं, याचा हिशेब करत बसला.

युद्धाच्या काळात सरकार कागदी नोटा छापून देशातलं धान्य-कापड उचलत होतं. त्यावर कुमारप्पांनी लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ होता, भाकरीऐवजी दगड. बायबल वाचणाऱ्याला खूण लगेच पटेल. ही कल्पना येशूच्या शिकवणुकीतली आहे, भुकेल्या लेकराच्या हातावर दगड ठेवणाऱ्या बापाची. चलनवाढीच्या लेखाला हे नाव सुचणं, यातच त्या माणसाचा धर्म आणि अर्थशास्त्र वेगळं नव्हतं हे कळतं.

पुढे जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या आचारविचारांवर, दुसरं शाश्वत अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना प्रस्तावना गांधीजींची. दुसऱ्या पुस्तकात निसर्गातले दाखले आहेत. माकड आमराई लुटतं, काही लावत नाही. मधमाशी मध घेते, पण फुलाचंही काम करून जाते. आणि पक्षीण पिल्लाला भरवते, बदल्यात काही मागत नाही. अर्थव्यवस्थेने या शेवटच्या पायरीकडे जायचं, असं त्यांचं म्हणणं.

आणि ते एकटे नव्हते. केरळचे एस. के. जॉर्ज कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात शिकवत. गांधीजींच्या लढ्याला पाठिंबा दिला म्हणून १९३२ मध्ये त्यांना ती जागा सोडावी लागली. पुढे हेच जॉर्ज वर्ध्याच्या कॉमर्स कॉलेजात प्राध्यापक होते.

स्वातंत्र्यानंतर कुमारप्पांना पदं मिळवता आली असती. काँग्रेसच्या शेतजमीन सुधारणा समितीचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलंही. पण नंतर ते गेले कुठे, तर आपल्याच जिल्ह्यातल्या सेलडोहला, शेतीचे प्रयोग करायला. शेवटची वर्षं मदुराईकडे गेली. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ते वारले.

श्रद्धा खरी की दिखाऊ हे ओळखायचं कसं? कुमारप्पांकडे पाहून मला दोन कसोट्या दिसतात. ती माणसाला स्वतःच्याच धर्माच्या मोठ्यांना प्रश्न विचारायचं बळ देते का? आणि ती त्याला गरिबाच्या घरापर्यंत नेते का? या कसोट्या फक्त ख्रिश्चनांना लावायच्या नाहीत. तुम्ही-आम्ही ज्या धर्मात जन्मलो, त्यालाही लावून बघा.

आणि ज्या जिल्ह्यात कापूस पिकवणारा आजही कर्जाने गळफास घेतो, तिथे भाकरीऐवजी दगड कोण देतंय, हा प्रश्न जुना झालेला नाही.

सावंगीला कामाने आलात तर तासभर काढून मगनवाडीत जाऊन या. मगन संग्रहालय तिथेच आहे.