आतड्याचा क्षय (पोटाचा टीबी)

मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जंतूमुळे आतड्यांना होणारा क्षयरोग. आतडी, पोटाचे आतले अस्तर (पर्युदर) आणि पोटातील लसीकाग्रंथी यांपैकी कशालाही क्षय झाला तरी बोलीत त्याला ‘पोटाचा टीबी’च म्हणतात. या नोंदीत भर आतड्याच्या क्षयावर, त्यातही त्याच्या निदानावर आहे. उपचार ठरलेले आहेत, सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि बहुतेकांना गुण येतो. रुग्णाचे महिनोन्‌महिने वाया जातात ते निदान होईपर्यंत.

फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस बेडका गिळतो तेव्हा जंतू आतड्यात उतरतात. रक्तावाटे किंवा शेजारच्या ग्रंथींतूनही ते पोचतात. न उकळलेल्या दुधातून येणारा गाईचा क्षय हा वेगळा मार्ग. आपल्याकडे दूध उकळूनच घेण्याची रीत असल्याने तो फारसा दिसत नाही. जंतू सर्वांत जास्त ठाण मांडतात ते लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या सांध्यावर, म्हणजे पोटाच्या उजव्या खालच्या भागात. तेथे अन्नरस बराच वेळ रेंगाळतो आणि लसीकापेशींचे पुंजकेही दाट असतात. पुढे आतड्याच्या आतल्या बाजूला व्रण पडतात, भिंत जाड होते, आणि व्रण भरताना वण आकसून आतड्याचा मार्ग अरुंद होतो.

लक्षणे : भूक मरणे, वजन उतरणे, संध्याकाळची कणकण, रात्री घाम, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ. यांतले एकेक लक्षण दहा आजारांत सापडते. अरुंद झालेल्या आतड्याची खूण मात्र बरीच बोलकी असते. जेवणानंतर काही वेळाने बेंबीभोवती कळ येते, पोटात गोळा उठून फिरतो, तो हाताला लागतो, गुडगुड ऐकू येते आणि वारा सरला की एकदम हलके वाटते. रुग्ण हे ‘गॅस’ म्हणून सांगतो आणि औषधही गॅसचेच घेतो. अशी तक्रार वारंवार होत असेल आणि सोबत वजनही घटत असेल, तर पित्ताच्या गोळ्यांवर वेळ काढू नये. पोट फुगून उलट्या होऊ लागल्या आणि शौच व वारा दोन्ही बंद झाले, तर आतड्याला अडथळा झाला असे समजून लगेच रुग्णालय गाठावे.

तपासण्या : छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून पोटाचा क्षय नाही असे ठरत नाही, अनेक रुग्णांची फुप्फुसे निरोगी असतात. मॅन्टू चाचणी किंवा रक्तावरील इग्रा चाचणी शरीरात जंतू कधीतरी शिरल्याचे सांगते, आज आजार आहे की नाही हे सांगत नाही. क्षयासाठी रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या बेभरवशाच्या ठरल्याने भारत सरकारने 2012 मध्ये त्यांवर बंदी घातली. मुलांच्या सोनोग्राफीत पोटात लहान गाठी दिसणे अगदी नेहमीचे आहे. तेवढ्यावरून सहा महिन्यांची औषधे सुरू करणे मुलावर अन्याय करणारे आहे. पोटात पाणी झाले असेल तर ते सुईने काढून त्यातील एडीए हे विकर मोजतात. प्रमाण लिटरला 39 युनिटांहून अधिक असले की पर्युदराच्या क्षयाचा संशय बळावतो.

आतड्यासाठी मुख्य तपासणी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहणे) आणि बायोप्सी (तेथील तुकडा काढून तपासणे). सर्वांत कठीण काम असते ते क्रोन्स आजार वेगळा काढण्याचे. 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी वर्णन केलेला हा दाहविकार बहुधा याच सांध्यावर आणि जवळजवळ याच लक्षणांनी येतो. क्षयाचे व्रण बहुधा आतड्याला वेढा घालणारे, आडवे असतात आणि सांध्यावरची झडप आ वासून उघडी राहते. क्रोन्समध्ये व्रण लांबट, उभे असतात. मध्येच निरोगी भाग सोडून पुढे पुन्हा आजार दिसतो आणि गुदद्वाराजवळ भगंदर होण्याकडे कल असतो. बायोप्सीत पनीरासारखा ठिसूळ मृत भाग असलेले ग्रॅन्युलोमा (दाहपेशींचे पुंजके) सापडले किंवा जंतूच दिसले तर प्रश्न मिटतो. पण बऱ्याच रुग्णांत दोन्ही सापडत नाहीत. जंतूचा जनुकीय अंश शोधणारी जीन एक्स्पर्ट चाचणी होकारार्थी आली तर भरवशाची. नकारार्थी आली तर तिच्या जोरावर क्षय नाकारता येत नाही. कल्चरला (तुकड्यातील जंतू वाढवून पाहायला) काही आठवडे लागतात, तरी तुकडा त्यासाठी जरूर पाठवावा, कारण औषधांना दाद न देणारा जंतू त्यातूनही कळतो.

चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. क्षयाला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिले तर क्षय शरीरभर पसरू शकतो. क्रोन्सला क्षय समजून महिनोन्‌महिने औषधे दिली तर तेवढ्यात आतडे आकसत जाते. म्हणून पेच सुटत नसेल तेथे भारतातील डॉक्टर आधी क्षयाची औषधे देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. व्रण भरले असतील तर क्षय. ही दुसरी तपासणी रुग्ण ‘आता बरे वाटते’ म्हणून टाळतात. परंतु क्रोन्सच्या काही रुग्णांनाही या औषधांवर तात्पुरते बरे वाटते, म्हणून निर्णय व्रण पाहूनच व्हायला हवा.

उपचार : पहिले 2 महिने आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड व एथॅम्ब्युटॉल, पुढचे 4 महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली किंवा उलट्या सुरू झाल्या तर मात्र औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे. पूर्ण उपचारानंतरही गोळा उठत राहिला तर औषधे फसली असे नव्हे. जंतू गेले तरी वणाने आकसलेली जागा तशीच राहू शकते. ती दुर्बिणीतून फुगा घालून रुंद करतात किंवा शस्त्रक्रियेने मोकळी करतात. औषधांचे महिने नुसते वाढवून उपयोग होत नाही.